आपल्या वेगाची माणसं कुठे गेली? कालव्याकाठची राइड आणि सॅम्पलिंगचा एक धडा

ही गोष्ट पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातली. मी इथे मेरीलँडमध्ये वाहतूक नियोजनात संशोधन करते. विषय म्हणजे सायकल चालवायच्या आणि पायी फिरायच्या वाटा कोण वापरतं, किती वापरतं. पायलट सर्व्हे नुकताच संपला होता, डिपार्टमेंटच्या सेमिनारसाठी सारांश पाठवून झाला होता आणि मी स्वतःवर बरीच खूश होते. त्याच खुशीत एका रविवारी एका सायकल क्लबच्या दिवसभराच्या राइडला गेले. संध्याकाळी घरी आले तेव्हा सारांशातलं मुख्य वाक्य चुकलंय हे मला कळलं होतं.

ती चूक काय होती आणि ती सायकलवर कशी सापडली, हे आज सांगते. सर्व्हे करणाऱ्या कुणाचीही ही चूक होऊ शकते, आणि फील्डवर जाण्याआधी कळली तर ती सुधारायला फारसा खर्चही येत नाही.

आधी वाट

आमची राइड चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या कडेने होती. आपल्याकडे कालवा म्हटलं की धरणातून शेतीकडे पाणी नेणारा कालवा डोळ्यांपुढे येतो, पुण्याच्या मुठा कालव्यासारखा. हा कालवा बोटींसाठी खणलेला होता. ४ जुलै १८२८ रोजी काम सुरू झालं आणि १८५० मध्ये तो कंबरलंडला पोचला. वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउनपासून कंबरलंडपर्यंत अंतर १८४.५ मैल, म्हणजे जवळपास २९७ किमी. बोटींना इंजिन नव्हतं. काठावरून खेचरं चालायची आणि लांब दोराने बोट ओढायची. खेचरांच्या त्या वाटेला टोपाथ म्हणतात, आणि आज सायकली चालतात त्या याच वाटेवरून. चढ आला की लॉक असायचं : दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, पाणी भरायचं, बोट वर उचलली जायची. अशी ७४ लॉक आहेत.

कालवा कंबरलंडला पोचायच्या आधीच, १८४२ मध्ये, रेल्वे तिथे पोचलेली होती. तरीही कोळशाच्या बोटी बरीच वर्षं चालल्या. १९२४ च्या पुरानंतर मात्र वाहतूक कायमची थांबली. पुढे इथून मोटाररस्ता काढायचा बेत होता. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी वृत्तपत्रांच्या संपादकांना सोबत घेऊन ही वाट पायी चालून दाखवली, विरोध वाढत गेला, आणि १९७१ मध्ये कालव्याला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला.

हे सगळं सांगायचं एक कारण आहे. टोपाथ म्हणजे जवळपास एक सरळ रेषा. २९७ किमीमध्ये एकूण चढ फक्त १८४ मीटरच्या आसपास. सिग्नल नाहीत, वळसे नाहीत, दर मैलाला खूण. त्यामुळे प्रत्येकाचा वेग बऱ्यापैकी एकसारखा राहतो. पाठ्यपुस्तकात 'समजा एका रस्त्यावर' अशी गणितं असतात ना, तसा रस्ता खराच कुठे असेल तर तो हा.

राइड आणि माझी तक्रार

आम्ही मैल ३५ च्या जवळ व्हाइट्स फेरीपाशी जमलो आणि नदीच्या उगमाच्या दिशेने हार्पर्स फेरीकडे निघालो. एका बाजूचं अंतर साधारण ४० किमी. डाव्या हाताला पोटोमॅक नदी, उजव्या हाताला कालवा, कुठे पाण्याने भरलेला, कुठे नुसता गवताळ चर. क्लबच्या राइडचे नियम साधे होते : सगळ्यात पुढे राइड लीडर, सगळ्यात मागे 'स्वीप', आणि मध्ये कुणालाही एकटं सोडायचं नाही. पायी चालणाऱ्यांना आधी वाट द्यायची. मागून पुढे जाताना घंटी वाजवायची.

मी अर्थातच मागे, स्वीपच्या सोबत. त्या दिवशी स्वीप होत्या एक निवृत्त ट्रॅफिक इंजिनियर बाई, वय सत्तरीच्या घरात. मोनोकसी नदीवरचा सात कमानींचा दगडी जलसेतू ओलांडला, तोवर मला घंट्यांचा वैताग आला होता. सारखं कुणीतरी मागून 'ऑन युअर लेफ्ट' म्हणत सुसाट पुढे जायचं. आम्ही कुणाला मागे टाकलं तर ते म्हणजे लहान मुलांना घेऊन रमतगमत निघालेलं एखादं कुटुंब.

मी म्हटलं, "इथे दोनच प्रकारचे लोक येतात वाटतं. रेस लावणारे आणि रांगणारे. माझ्यासारखं मधलं कुणीच नाही."

बाई हसल्या. म्हणाल्या, "तुझ्या वेगाने चालवणारे भरपूर असतील. पण तुला ते दिसणार कसे? एक तर ते तुझ्यापुढे दोन किलोमीटर आहेत, नाहीतर मागे दोन किलोमीटर. आणि दिवसभर तिथेच राहणार."

पुढचे दहा किलोमीटर मी हे वाक्य चघळत होते.

मनातलं गणित

सोपे आकडे घेऊ. हे मोजलेले नाहीत, समजण्यासाठी मानलेले आहेत. समजा आपल्याच दिशेने जाणारे चार प्रकारचे सायकलस्वार आहेत, वेग ताशी १२, १५, १७ आणि २४ किमी. वाटेच्या प्रत्येक किलोमीटरवर प्रत्येक प्रकारचा एक. म्हणजे चारही प्रकार सारख्याच संख्येने. खरी सरासरी १७. आणि आपण चालवतोय ताशी १६ ने. निम्मे लोक आपल्यापेक्षा हळू, निम्मे जोरात. आपण अगदी मधोमध.

आता एका तासात कोण दिसेल?

ताशी २४ वाल्याचा वेग आपल्यापेक्षा ८ ने जास्त. म्हणजे सुरुवातीला आपल्यामागे ८ किमीच्या आत असलेले सगळे तासाभरात आपल्याला गाठणार. असे ८ जण. ताशी १२ वाले आपल्यापुढे ४ किमीच्या आत असतील तर आपण त्यांना गाठणार. असे ४. पण ताशी १७ वाल्यांपैकी गाठणार फक्त १, आणि ताशी १५ वाल्यांपैकी आपण गाठणार तोही १.

एकूण भेटले १४. त्यातले १२ जण एकतर खूप जोरात, नाहीतर खूप हळू. १४ पैकी ९ जण आपल्याला मागे टाकून गेले. त्यांच्या वेगांची सरासरी काढली तर ताशी १९.४ येते. खरी सरासरी मात्र १७.

कुणी खोटं बोललं नाही, मोजणी चुकली नाही, यंत्र बिघडलं नाही. तरी उत्तर चुकलं. कारण कोण 'दिसणार' हे त्याच्या आणि आपल्या वेगातल्या फरकावर ठरत होतं. आपल्यासारखे लोक सॅम्पलमधून आपोआप गळत होते.

मग सायकल थांबवून एका जागी उभं राहून मोजलं तर? तासाभरात समोरून १२, १५, १७ आणि २४ जण जातील, एकूण ६८. म्हणजे जोरात जाणारे इथेही जास्त मोजले जाणार. यांची सरासरी ताशी १८.१. मागच्या उत्तरापेक्षा बरी, पण अजूनही १७ नाही. रस्त्याचा एका क्षणाचा फोटो काढून त्यातल्या सगळ्यांचे वेग घेतले तर १७, आणि एका जागी उभं राहून तासभर घेतले तर १८.१. वाहतूकशास्त्रात या दोन सरासऱ्या वेगळ्या मानतात. ब्रिटिश संशोधक जॉन वॉर्ड्रॉप यांनी १९५२ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात त्यांच्यातला फरक नीट मांडला.

उलट दिशेने गेलो तर? मग वेगांची बेरीज होते : २८, ३१, ३३ आणि ४०, एकूण १३२ जण. सरासरी ताशी १७.६. गंमत बघा, तिन्ही पद्धतींत सत्याच्या सगळ्यात जवळ आलो ते समोरून येणाऱ्यांना बघून. आणि आपण मात्र जगाविषयी मत बनवतो ते मागून पुढे गेलेल्यांवरून, कारण घंटी त्यांची वाजते.

तिरकेपणा माहीत असेल तर तो काढता येतो

जेवायला हार्पर्स फेरीत थांबलो. टोपाथवरून गावात जायला सायकल उचलून जिना चढावा लागला आणि मग पोटोमॅकवरचा पादचारी पूल ओलांडला. समोर शेनांडोआ नदी पोटोमॅकला मिळते. तिथे सँडविच खाता खाता बाईंनी मला कागदी रुमालावर एक सूत्र लिहून दिलं. मी ते कोर्समध्ये शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं, पण त्याचा माझ्याशी काही संबंध आहे असं तोवर वाटलं नव्हतं.

वॉर्ड्रॉप आणि चार्ल्सवर्थ यांनी १९५४ मध्ये मांडलेली ही पद्धत. रस्त्यावर यंत्र न लावता, वाहतुकीतूनच गाडी चालवत प्रवाह आणि वेग कसा मोजायचा? त्यांचं उत्तर : त्याच रस्त्यावर दोनदा जा, एकदा प्रवाहाविरुद्ध आणि एकदा प्रवाहासोबत. विरुद्ध जाताना समोरून किती आले ते मोजा. सोबत जाताना आपल्याला मागे टाकणारे किती आणि आपण मागे टाकलेले किती, यांची वजाबाकी घ्या. दोन्ही आकड्यांची बेरीज करा आणि एकूण वेळेने भागा.

आपलेच आकडे टाकून बघू. विरुद्ध दिशेने एक तास : १३२. सोबत एक तास : ९ वजा ५, म्हणजे ४. बेरीज १३६, भागिले २ तास, उत्तर ताशी ६८ सायकली. एका जागी उभं राहून मोजलेला आकडा हाच होता!

आता वेग. १६ किमीला आपल्याला लागला १ तास. त्यातून ४ भागिले ६८ तास वजा करायचे. उरतात ०.९४ तास. १६ किमी भागिले ०.९४, म्हणजे ताशी १७ किमी. तंतोतंत खरी सरासरी.

मला हे फार आवडतं. एकही मोजणी निष्पक्ष नव्हती. दोन्ही तिरक्या होत्या. पण त्या कशा तिरक्या आहेत हे माहीत होतं, म्हणून त्यांच्यातून सरळ उत्तर काढता आलं. अट एकच : दोन्ही फेऱ्यांच्या वेळी प्रवाह तसाच असायला हवा. रविवारी सकाळी आणि दुपारी टोपाथवरची गर्दी वेगळी असते, त्यामुळे आमच्या राइडवर हे सूत्र जसंच्या तसं लावता आलं नसतं.

आणि मग माझं वाक्य

परतीच्या वाटेवर पॉइंट ऑफ रॉक्स मागे पडलं आणि मला माझा सर्व्हे आठवला.

मी काय केलं होतं? दुसऱ्याच एका वाटेच्या फाटकापाशी मी वही घेऊन उभी राहिले होते, वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी. येणाऱ्याला विचारायचे, तुम्ही आठवड्यातून किती वेळा येता? आणि सारांशात ठोकून लिहिलं होतं : 'ही वाट वापरणारा नागरिक आठवड्यातून सरासरी तीनदा येतो.' त्यावरून पुढे शिफारसही केली होती. वाट मुख्यतः रोजच्या लोकांची आहे, तेव्हा पैसे आधी दिव्यांवर खर्चावेत, बाक आणि स्वच्छतागृहं नंतर.

आता गणित बघा. पुन्हा मानलेले आकडे. समजा एका वाटेवर १०० माणसं येतात. २० जण आठवड्यातून ५ वेळा, ८० जण एकदाच. माणशी खरी सरासरी १.८ फेऱ्या. पण फाटकावर माणसं येत नाहीत, फेऱ्या येतात! आठवड्यात एकूण १८० फेऱ्या, त्यातल्या १०० त्या २० जणांच्या. फाटकावर उभ्या असलेल्या मला निम्म्याहून जास्त वेळा 'पाच' हेच उत्तर मिळणार. सरासरी येणार ३.२. वीस टक्के लोक माझ्या वहीत जवळपास छप्पन्न टक्के होऊन बसले.

म्हणजे रोज येणारा मला पाच वेळा सापडू शकतो, आठवड्यातून एकदा येणारा एकदाच. आणि नातवंडांना घेऊन महिन्यातून एकदा येणाऱ्या आजी जवळपास सापडतच नाहीत. माझ्या शिफारशीत बाक मागे पडले ते आजींना बाक नको होते म्हणून नव्हे. आजी माझ्या वहीत नव्हत्या.

करमणुकीच्या जागांवरच्या संशोधनात ही अडचण जुनी आहे. अर्थतज्ज्ञ डायजी शॉ यांनी १९८८ मध्ये अशा जागेवरच घेतलेल्या सॅम्पलमधून रिग्रेशन कसं करावं यावर लेख लिहिला होता. तो माझ्या वाचनाच्या यादीत होता. वाचलेला नव्हता.

सोमवारी गाइडना सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, "डेटा चुकलेला नाही, तुझं वाक्य चुकलंय. 'वापरणारा नागरिक' खोड आणि 'प्रत्येक फेरी' लिही, मग बघ ते खरं होतं का." खरंच होतं. वाट किती झिजते, गर्दी कधी होते, दिवे किती फेऱ्यांना उपयोगी पडतील, या प्रश्नांना फेऱ्या मोजणंच बरोबर. पण ही वाट कुणाची आहे, हा प्रश्न माणसांचा आहे, आणि तिथे माझं वाक्य चालत नव्हतं.

सुदैवाने इलाज होता. जो ५ वेळा येतो त्याच्या उत्तराला एक पंचमांश वजन द्यायचं, जो एकदा येतो त्याच्या उत्तराला पूर्ण एक. वरच्या उदाहरणात करून बघा : १०० उत्तरं गुणिले एक पंचमांश म्हणजे २०, अधिक ८०. वजनांची बेरीज १००. एकूण १८० फेऱ्या भागिले १०० म्हणजे १.८. खरं उत्तर परत आलं. मी सेमिनारचा सारांश मागे घेतला, वजनं लावून पुन्हा विश्लेषण केलं आणि शिफारशीचा परिच्छेद काढून टाकला. दोन महिने गेले. पण ते दोन महिने परीक्षकांसमोर जाण्याआधी गेले.

वजनांनाही मर्यादा आहेत. क्वचित येणारे मोजकेच सापडतात आणि त्यांच्या उत्तरांना मोठं वजन मिळतं, त्यामुळे एकाच माणसाच्या उत्तराने निकाल हलू शकतो. आणि जे वाटेवर येतच नाहीत, त्यांना कितीही मोठं वजन दिलं तरी शून्याचं काही होत नाही. त्यांच्यासाठी फाटक सोडून त्यांच्या दारात जावं लागतं.

तुमच्यासाठी

प्रवेशाच्या तयारीत असलेले बरेच जण विचारतात, "पीएचडीला खरंच किती वर्षं लागतात?" आणि उत्तर शोधायला कुठल्यातरी लॅबमध्ये जाऊन तिथल्या सीनियर्सना गाठतात. समजा एका विभागात दरवर्षी १० जण येतात, ५ जण ४ वर्षांत संपवतात, ५ जण ८ वर्षांत. कुठल्याही दिवशी विभागात चार वर्षंवाले २० असतील आणि आठ वर्षंवाले ४०. तुम्ही ज्यांच्याशी बोलाल त्यातले दोन तृतीयांश आठ वर्षंवाले. लवकर संपवणारे लॅबमध्ये सापडत नाहीत, कारण ते लवकर संपवून निघून गेले. आणि मध्येच सोडून गेलेलेही सापडत नाहीत. म्हणून लॅबमध्ये विचारू नका, अमुक वर्षी आलेल्या सगळ्यांचं पुढे काय झालं ते विचारा.

फील्डवर जाण्याआधी मी आता स्वतःला चार प्रश्न विचारते. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत :

१. माझ्या वहीतली एक ओळ म्हणजे काय? माणूस, फेरी, घर की दिवस?

२. माझ्या निष्कर्षाच्या वाक्याचा कर्ता तोच आहे का?

३. कुणी माझ्या नजरेस पडण्याची शक्यता कशावर ठरते? वेगावर, वारंवारतेवर की मुक्कामाच्या लांबीवर?

४. ती गोष्ट मी प्रश्नावलीत विचारली आहे का?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. 'किती वेळा येता' हे मी योगायोगाने विचारलं होतं, म्हणून वजनं लावता आली. विचारलं नसतं तर ती वही कायमची वाया गेली असती.

राहिली गोष्ट त्या रविवारची. शेवटच्या टप्प्यात ऊन उतरलं होतं. व्हाइट्स फेरीच्या पार्किंगमध्ये आम्ही पोचलो तर तिथे एक अनोळखी जोडपं सायकली गाडीवर चढवत होतं. सहज बोलणं झालं. तेही सकाळी आमच्यानंतर दहा मिनिटांनी इथूनच निघाले होते, हार्पर्स फेरीलाच गेले होते आणि आमच्या आधी दहा मिनिटं परत आले होते. वाटेत आमची ओझरती गाठ पडली असेल ती बहुतेक आम्ही जेवत होतो तेव्हा. अख्खा दिवस आमच्याच वेगाने, त्याच वाटेवर, आणि मी एकदाही त्यांना पाहिलं नव्हतं.